शेवटच्या भागाला आवाज नाही

१

दर आठवड्याला एक सिनेमा बघायचा आणि त्याच्यावर लिहायचं, हे माझं काम. सांगलीच्या एका साप्ताहिकात माझा रकाना आहे. बी.ए. होऊन घरी बसलेल्या मुलीला संपादक नाथाजीरावांनी तो दिला, तो माझ्या वडलांवर उपकार म्हणून, असं ते चारचौघांत सांगतात. खरं म्हणजे त्यांचं अडत होतं. त्यांचे बाकीचे लेखक अजून मूकपटांच्या आठवणी काढत बसलेले. मी लिहिलेल्यातली विशेषणं नाथाजीराव खोडतात, मी त्यांच्याशी भांडते, आणि गुरुवारी अंक निघतो.

थिएटरात एकटीनं जायचं नाही, ही आण्णांची अट. आण्णा म्हणजे माझे वडील. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण घरात अजून कवायत चालते. म्हणून माझ्याबरोबर हौसावैनी येते. तिचा नवरा, माझा भाऊ सयाजीदादा, पलटणीबरोबर पठाणकोटला आहे. लग्न झालं, रजा संपली आणि तो गेला, तो अजून यायचाय. वैनी तासगावकडची. सिनेमा तिला मनापासून आवडतो. खलनायकाला मारलं तरी तिच्या डोळ्यांना पाणी येतं.

त्या रविवारी सकाळी फिल्म सोसायटीनं एक अनुबोधपट ठेवला होता, 'साळूबाईची सुटका'. औंधाच्या पलीकडच्या एका खेड्यात देवऋषी एका बाईचं भूत उतरवतो, ते जसं घडलं तसं टिपलेलं. नटनट्या नाहीत, रचलेलं काही नाही. सुरू होण्याआधी दिग्दर्शक पडद्यापुढं आला. मुंबईचा तरुण माणूस, बोलताना सारखा घड्याळाचा पट्टा फिरवत होता. म्हणाला, शेवटच्या भागाला आवाज नाही, आमच्या टेपरेकॉर्डरची फीत आयत्या वेळी संपली, चित्र तेवढं आहे, सांभाळून घ्या.

मी वैनीला म्हणाले, चला, निदान बोंबलणं तरी कमी ऐकावं लागेल.

२

साळूबाई तिशीची असेल. केस मोकळे, कपाळभर भंडारा. बिराप्पा नावाचा देवऋषी तिच्या पाठीवर निंबाचा फोक ओढतो आणि विचारतो, कोण हायस, कुठली हायस, सोडतीस का न्हाई. हलगी वाजत असते. फोकाचा आवाज हलगीच्या वर ऐकू येतो. माझ्या मुठी वळल्या होत्या. भोवती सगळं गाव बसलेलं, आणि एकाचाही हात पुढं येत नाही.

मग बिराप्पा हात वर करतो आणि गाव पाठ फिरवतं. बायका, पुरुष, पोरं, सगळी वळून बसतात, मांडीला मांडी लावून, इतकी खेटून की मधे बोट शिरू नये. लहान पोरं मोठ्यांच्या मधे दाबून बसवलेली. त्या सगळ्या गोलात एकच खिंड आहे. तिथं कॅमेरा आहे.

तिथंच आवाज तुटला. हळूहळू विरला नाही, तुटला. मागून यंत्राची घरघर तेवढी येत राहिली. पडद्यावर साळूबाईचं थकलेलं तोंड आमच्याकडं वळलं. डोळे शांत होते, एखादी बाई लांबून चालत येऊन दारात उभी राहावी तसे. ओठ हलले. पुन्हा हलले.

माझ्या डाव्या हाताला वैनी होती. तिनं पदर आवरला, गुडघे जुळवले आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत पलीकडं सरकली. मला वाटलं, काहीतरी पडलं असेल.

बाहेर आल्यावर आम्ही घरी चालत निघालो. मी बोलत होते. मी फारच बोलत होते.

३

माझं परीक्षण झणझणीत झालं. गावानं पाठ फिरवली, बघण्याचं धैर्य एकट्या कॅमेऱ्यानं दाखवलं, असं मी लिहिलं आणि ह्या वेळी नाथाजीरावांनी एकही शब्द खोडला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारून टेबलावर कात्रणं पसरली. त्या पटावर सगळीकडं लिहून आलं होतं. पुण्याच्या टीकाकारांना तो अनुबोधपटाचा आदर्श वाटला होता. कोल्हापूरच्या दैनिकाला तो धर्माचा अपमान वाटला होता. मुंबईच्या इंग्रजी पत्रानं म्हटलं होतं, गरिबांची दुःखं शहरात आणून विकण्याचा हा धंदा आहे. कुणाचं कुणाशी जमत नव्हतं.

"भांडण बघू नका, ते मला पण दिसतंय," नाथाजीराव म्हणाले. "ही ओळ बघा."

प्रत्येकानं शेवटाविषयी लिहिलं होतं, आणि प्रत्येकानं लिहिलं होतं की ती स्त्री आपल्याकडं पाहून विचारते, इथे बसू का?

मी म्हणाले, त्यात काय, ओठांवरून कळतं. ते म्हणाले, इंग्रजीवाला केरळचा आहे, त्याला मराठीचा गंध नाही. मी म्हणाले, शेजारच्यानं सांगितलं असेल. त्यांनी आमचा अंक उघडला आणि माझ्या रकान्यातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. तिथंही तेच होतं. 'ती विचारते, हितं बसू का, आणि आपल्यापाशी उत्तर नसतं.'

मी त्यांना विचारलं, हे तुम्ही घातलंत का.

"शालन, मी खोडतो," ते म्हणाले. "घालत कधी नाही."

वाक्य माझंच होतं. आपलं वाक्य माणूस ओळखतं. लिहिताना मी ते ओठांवरून ओळखून लिहिलं की ऐकून, एवढंच आठवेना. घरी जाईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. माणसाचं डोकं रिकाम्या जागी आवाज भरतं, मानसशास्त्राच्या तासाला मी शिकले होते. पण मग सगळ्यांच्या डोक्यांनी तोच आवाज का भरावा, ह्याचं उत्तर त्या तासाला नव्हतं.

४

वैनीचं आधी आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. घरातल्या सुनेनं जरा कडेला बसावं, ह्यात कुणाला काय खटकणार. पाटावर ती अर्धीच बसायची. चुलीपाशी बसताना भिंतीला लागून बसायची. माजघरात आम्ही दोघी झोपतो. तिची सतरंजी मोठी, पण सकाळी बघावं तर ती फरशीवर आणि सतरंजी नीट, सुरकुती नसलेली. मी म्हटलं, उकाड्यानं असेल. वैनी हसली.

मग ती रस्त्यानं चालताना गटाराच्या काठाकाठानं चालू लागली. मंडईत मी तिला आत ओढलं तर पाव्हण्यांपुढं कुणी चिमटा काढावा तशी ती लाजली. जेवायला बसली की ताट उंबऱ्याकडं ओढायची, रोज थोडं जास्त. एक दिवस तिचं ताट उंबऱ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसून जेवली आणि माजघरात, जिथं तिचा पाट असतो तिथं, सबंध जागा मोकळी राहिली. त्या जागेवरून कुणी चालत नव्हतं. मी पण. मी वळसा घेऊन पाणी आणायला गेले आणि परत येताना मला ते कळलं. मग मुद्दाम तिथून जायचं ठरवलं. तेवढ्यात आण्णांनी पाणी मागितलं.

शेवटी मी तिला सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं, काहीच विशेष नसल्यासारखं. त्या दिवशी सिनेमात कुणीतरी विचारलं, हितं बसू का. ती म्हणाली, बसा.

"अगं, पण कुणाला म्हणालीस?"

"आल्या माणसाला जागा न्हाई म्हणायची का वन्सं? आमच्यात न्हाई तशी रीत."

५

आक्काताई, माझी आत्ती, लहान वयात विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून हे घर चालवते. तिनं एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल दिला.

"आण्णा, येत्या अमुशेला हौसाला बिराप्पाकडं न्यायाची. पोरगी बघता बघता घराभाईर निघाली. आता ओटा झाला, म्होरं रस्ताच हाय."

मी म्हणाले, त्यानं साळूबाईची पाठ फोडलेली मी डोळ्यांनी बघितलीय. वैनीला कुणी हात लावला तर मी पोलिसात जाईन.

"जा की," आत्ती म्हणाली. "फौजदाराची बायकू तितंच भेटंल तुला. दर अमुशेला असती."

मग मी बरंच बोलले. शिकलेली माणसं, विसावं शतक, दादा सरहद्दीवर बंदूक घेऊन उभा आणि त्याची बायको इकडं फोकानं झोडायची. आण्णा मधे म्हणाले, सयाजी परत आला तर त्याला मी काय दाखवू, ओट्यावर बसलेली बायको? आत्ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आमी बारकी हुतो तवा आमाला न्यायाचे बघायला. पर असं खुर्च्या टाकून सुटं सुटं न्हाई कुणी बसायचं. तुमी शिकल्याली माणसं. तुमाला काय सांगावं."

शेवटी तोड मीच काढली. साताऱ्याला पुढच्या रविवारी तोच पट होता, सकाळी, आणि आधी परिसंवाद. मला बोलावलं होतं. मी म्हणाले, वैनीला नेते. तिला दाखवते की तिथं आवाजच नाही. जे नाही ते ऐकलं, एवढं तिला पटलं की झालं, ती बरी होईल. मनाचा खेळ मनानंच सुटतो.

आण्णांनी विचार केला. "मी येतो बरोबर. तिथं उतार पडला तर ठीक. नाही तर पुढं तुझं काही ऐकणार नाही."

वैनी ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. मी तिच्याजवळ गेले, म्हणजे जितकं जाता आलं तितकं.

"मला मारतील का वो?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, मी असताना कोण मारतंय.

"मारलं तर सोसंन मी. पर त्यास्नी हुसकून लावतील. त्या कुठं जातील मग? लय लांबनं आल्यात वो."

६

एस.टी.त मी खिडकीशी बसले, वैनी त्याच बाकावर पार दुसऱ्या टोकाला, एक पाय वाटेत. आण्णा मागं. कराडला गाडी गच्च भरली. कंडक्टर तिला म्हणाला, बाई, सरका की आत, हितं आनि एक माणूस बसतंय. वैनीनं त्याच्याकडं बघितलं. एक म्हातारी भाजीचा हारा घेऊन चढली. तिनं आमच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघितलं, बसायला वाकली, आणि थांबली. मग दांड्याला धरून उभी राहिली.

मी म्हणाले, आजी, बसा की.

"ऱ्हाऊ दे बाई," ती म्हणाली. "अडचण कशाला करू."

साताऱ्यापर्यंत ती उभी होती. मी खिडकीबाहेर बघत होते. ऊस, मोटेची विहीर, पुन्हा ऊस. मधल्या जागेवर हात ठेवून बघावा, असं दोनदा मनात आलं. ठेवला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. रेक्झिनचं बाक, दुसरं काय असणार. मी हात मांडीवरून काढला नाही.

७

परिसंवाद म्हणजे व्यासपीठावर चार खुर्च्या. दिग्दर्शक, पुण्याचे टीकाकार, कोल्हापूरचे दैनिकवाले आणि मी. पुण्याचे टीकाकार जाडजूड, पांढरंशुभ्र धोतर, आवाज भरदार. त्यांनी वास्तववादावर छान व्याख्यान दिलं. फक्त ते खुर्चीच्या डाव्या कडेवर बसले होते, एका मांडीवर सगळा भार टाकून, आणि बोलताना दुसऱ्या पायानं जमिनीला रेटा देत होते. घाम पुसत होते.

मी हळूच म्हणाले, "काका, मागं टेकून बसा की. पडाल."

"सवय लागलीय," ते म्हणाले. नंतर माझ्याकडं न बघता विचारलं, "तुम्हाला नाही लागली?"

पलीकडं कोल्हापूरचे दैनिकवाले उभ्यानंच बोलले आणि बोलून झाल्यावरही उभेच राहिले. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, साळूबाई आता कशी आहे. दिग्दर्शक घड्याळाचा पट्टा फिरवत म्हणाला, अगदी छान, त्या दिवसापासून तिला काही त्रास नाही, उसाच्या टोळीत कामाला जाते, मोकळीढाकळी आहे. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

८

वैनीला मी कडेची खुर्ची दिली होती, मी तिच्या शेजारी, आण्णा आमच्या मागच्या रांगेत. दिवे गेले. हलगी सुरू झाली. फोक, आणि तो प्रश्न, कोण हायस. ह्या वेळी मी पडद्याकडं थोडंच बघत होते. वैनी खुर्चीच्या बाहेरच्या हातावर रेलली होती आणि तिची बाकीची खुर्ची माझ्या कोपरापाशी रिकामी होती. अंधारात तिथं काही दिसत नव्हतं. काही नसलं की दिसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

गावानं पाठ फिरवली. आवाज तुटला.

मी वैनीचा हात धरला. "बघ. ऐक. आवाज आहे का?"

तिनं पडद्याकडं नीट बघितलं. साळूबाईचं तोंड आमच्याकडं वळत होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "आवाज न्हाई."

मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. "मग झालं तर. आता नीट बस बघू."

"कशी बसू? त्या बसल्यात की."

ती हे तक्रारीनं म्हणाली नाही. आणि बोलता बोलता ती आणखी सरकली. तिच्याखाली आता खुर्ची उरली नव्हती. ती वाटेत खाली टेकली, गुडघे पोटाशी घेऊन, पदर सावरून, कुणाच्या वाटेत येऊ नये अशी अंग चोरून. मागून आण्णा उठल्याचा आवाज आला. ते माझ्या कानाशी वाकले.

"बास झालं, शालन. अमुशेला न्यायची. आता बोलायचं नाही."

मला तिची पाठ दिसत होती, चोळीखालची, बारीक, अजून कुणी हात न लावलेली. मग मी विचार केला नाही. विचार करायला माझ्याजवळ तेवढा वेळही नव्हता. मी त्या रिकाम्या खुर्चीकडं वळले आणि एस.टी.त एखादीला सांगावं तशी बोलले, स्पष्ट, शेजारच्या रांगांना ऐकू जाईल एवढ्यानं.

"उठा बाई. ही जागा तिची आहे. बसायचंच असेल तर इकडं, माझ्यापाशी बसा."

कुणीतरी शुक शुक केलं. कुणीतरी हसलं. वैनी खालून माझ्याकडं बघत राहिली, तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"वन्सं, असं बोलू नगा," ती म्हणाली.

मी पडद्याकडं बघितलं. जो पट मी आधी एकदा बघितला होता, ज्याच्यावर मी लिहिलं होतं, ज्याच्यावर सगळ्यांनी लिहिलं होतं, त्याचा तो शेवट होता. साळूबाईचं तोंड तेच, भंडारा तोच, मागं खेटून बसलेल्या पाठी त्याच. ह्या वेळी तिचे ओठ हलले नाहीत. तिनं मान डोलावली, एकदाच, उत्तर मिळालेलं माणूस डोलावतं तशी. डोळे जरा सरकले. वैनीच्या खुर्चीवरून माझ्यावर.

पट संपला.

दिवे लागले तेव्हा हौसावैनी तिच्या खुर्चीत बसली होती. मागं टेकून, दोन्ही कोपरं दोन्ही हातांवर, पाय ऐसपैस. तिनं मोठा श्वास सोडला आणि आजूबाजूला बघून भूक लागलीय असं काहीतरी म्हणाली. आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं. ते मला म्हणाले, जिंकलीस पोरी. घरी गेल्यावर तुझ्या आत्तीला मीच सांगतो. आता कुठं न्यायला नको.

माणसं उठत होती, खुर्च्या खडखडत होत्या. वैनी माझ्याकडं वळली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"वन्सं, मागं सरका की," ती म्हणाली. "पडशीला."

मी मागं सरकायला गेले. मग होते तिथंच राहिले.